गडचिरोलीतल्या ३९ नेमणुका: ‘सर्च’चा आरोग्यदूत कार्यक्रम आणि त्यामागची माणसांची मांडणी

गडचिरोलीत काम करणाऱ्या ‘सर्च’ या आरोग्य संस्थेच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगाबद्दल महाराष्ट्रात भरपूर बोलले गेले आहे. बहुतेक वेळा बोलणे एकाच जागी येऊन थांबते: जेमतेम शाळा शिकलेल्या खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. चित्र ठसठशीत आहे, त्यामुळे तेवढेच लक्षात राहते. पण ज्याला संस्थेत कार्यक्रम आखावा लागतो, माणसे नेमावी लागतात आणि मार्चअखेर मानधनाचा ताळमेळ घालावा लागतो, त्याने हे प्रकरण पुन्हा वाचावे. कोणाला नेमले, कोणाला नेमले नाही, काम कोणत्या क्रमाने हाती दिले, तपासायला कोण येत होते आणि मृत्यूंची नोंद कोण ठेवत होते, यावर तो प्रयोग उभा होता असे माझे मत आहे. इंजेक्शन हा त्यातला एक भाग होता. सरकारने पुढे हाच कार्यक्रम देशभर नेला, तेव्हा काय सोबत गेले आणि काय गडचिरोलीतच राहिले, तेही या बाजूने पाहिले की नीट कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे ‘सर्च’चे काम सुरू केले, तेही तेंदूपत्त्याच्या एका गोदामातून. पुढे शोधग्रामचा परिसर उभा राहिला. तिथला दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची आणि तिथल्या माणसांची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. म्हणून गावातल्या घरांसारख्या बैठ्या झोपड्यांचा दवाखाना बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की लोकांना विचारून कार्यक्रम ठरवण्याची सवय संस्थेला आधीपासून होती. आरोग्यदूतांची नेमणूक आभाळातून पडली नाही.

पहिला धडा न्यूमोनियाचा. १९८८ साली त्या भागातला अर्भकमृत्युदर दर हजार जन्मांमागे १२१ होता आणि अर्भकमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होते न्यूमोनिया. औषध स्वस्त होते. प्रश्न होता निदानाचा: बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजायचे कोणी? गावात बाळाच्या सर्वांत जवळ असणारी बाई म्हणजे दाई, आणि अनेक दायांना दहा-बारापुढे मोजता येत नव्हते. अशा वेळी सर्वसाधारण संस्था दाई बदलते. इथे मोजण्याचे साधन बदलले. मणी आणि वाळूचे घड्याळ एकत्र करून श्वास मोजायचे एक यंत्र बनवले; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत खुणेच्या मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. त्या क्षेत्र-प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काम माणसाच्या मापाने बेतायचे, हा शिरस्ता तिथे पडला.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले तरी आयुष्याच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. १९९३ ते ९५ या काळात नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. त्या वेळच्या पाठ्यपुस्तकात याला एकच उत्तर होते: आजारी नवजात बाळाला रुग्णालयात हलवा. गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणे घरी व्हायची. पावसाळ्यात रस्ते तुटायचे. बाळंतीण आणि बाळ काही दिवस खोलीबाहेर पडत नसत, आणि बाळ मलूल झाले तरी ‘दवाखान्यात नेऊ’ हा विचार घरच्यांच्या डोक्यात पहिला येत नसे. बाळ दवाखान्यात जात नसेल तर काळजी घेणारे माणूस बाळापाशी गेले पाहिजे, इथपर्यंत कुणीही येईल. अवघड प्रश्न पुढचा: ते माणूस कोण?

कोणाला नेमायचे

समोरचे पर्याय एकेक करून तपासून पाहू. ही मांडणी माझी आहे; संस्थेच्या बैठकीचे इतिवृत्त म्हणून ती वाचू नये.

डॉक्टर हा पर्याय बोलण्याइतकाही नव्हता. नर्सबाई, म्हणजे उपकेंद्रातली एएनएम, हा कागदावर सर्वांत सोपा पर्याय: शिकलेली, सरकारी पगारावर, इंजेक्शन देण्याचा अधिकार असलेली. पण एका उपकेंद्राखाली आदिवासी भागात तीन हजार आणि इतरत्र पाच हजार लोकसंख्या असते. बाळंतपण रात्री दोन वाजता दुसऱ्या गावात झाले तर नर्सबाई तिथे कशी असणार? नवजात बाळाच्या बाबतीत पहिला तास आणि पहिला दिवस हाच खरा काळ, आणि नेमक्या त्याच वेळी ती हजर नसते. यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही. नकाशाच तसा आहे.

दाई गावातली, विश्वासाची, प्रसूतीला हजर. पण वजन नोंदवणे, तापमान वाचणे, औषधाची मात्रा ठरवणे आणि महिनाभर लेखी नोंदी ठेवणे तिला जमणारे नव्हते. गावातला शिकलेला तरुण नोंदी उत्तम ठेवील, पण बाळंतिणीच्या खोलीत त्याला कोण जाऊ देणार? अविवाहित शिकलेली मुलगी नेमावी तर दोन वर्षांत लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाते आणि प्रशिक्षण तिच्याबरोबर जाते. ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक संस्थेने हा फटका कधी ना कधी खाल्लेला असतो.

राहिली ती गावात नांदणारी, पाचवी ते दहावी शिकलेली, गावाला चालणारी बाई. ३९ गावांत अशी एकेक बाई ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमली गेली. या गावांची एकूण लोकसंख्या ३९,३१२, म्हणजे एका आरोग्यदूतामागे साधारण एक हजार माणसे. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली होती, जिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. आणि इथे महत्त्वाचे असे की दाईला बाजूला सारले नाही. प्रसूती दाईच करायची. आरोग्यदूत शेजारी बसून बाळाकडे पाहायची. गावात जुन्या मानाच्या व्यक्तीची जागा नव्या माणसाने घेतली की भांडण ठरलेले असते. इथे कामाची वाटणी अशी झाली की दाईचा मान राहिला आणि बाळाला स्वतःचे असे एक माणूस मिळाले.

एक वर्ष फक्त पाहायचे

मला या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो तो पहिल्या वर्षाचा. १९९५-९६ मध्ये आरोग्यदूतांनी मुख्यतः पाहिले आणि लिहिले: बाळ रडले का, दूध ओढते का, अंग गार पडले का, वजन किती, श्वास किती. ठरलेल्या दिवशी घरी जायचे आणि नोंद करायची. इंजेक्शन अजून हातात नव्हते.

निधी देणाऱ्याला हे पटवणे किती अवघड असते ते ज्याने प्रस्ताव लिहिले आहेत त्याला विचारावे. ‘पहिल्या वर्षीचे फलित काय?’ या रकान्यात ‘नोंदी’ असे लिहिणे म्हणजे अर्ज परत येण्याची हमीच. पण त्या वर्षाने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे आकडा. ७६३ नवजात बाळांच्या निरीक्षणात दिसले की सुमारे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली २.६ टक्क्यांना. गरज आणि सेवा यांच्यातली दरी एवढी स्पष्ट दाखवणारी नोंद त्याआधी खेड्यातून क्वचितच आली असेल. दुसरी गोष्ट आकड्यात मावत नाही. वर्षभरात त्या बाईने निरोगी बाळे इतकी पाहिली होती की आजारी बाळ तिला चटकन वेगळे दिसू लागले. आणि गावानेही तिला पाहिले. बाळंतिणीच्या खोलीत तिचे येणे-जाणे रुळले, मगच तिच्या हातात सुई आली. हा क्रम उलटा असता तर पहिल्याच वाईट घटनेला गावाने तिला दारात उभे केले नसते.

१९९६ पासून जंतुसंसर्गावरचे उपचार सुरू झाले. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे थांबणे, हातपाय लुळे पडणे, छाती आत ओढली जाणे अशा ठरावीक लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी दिसली तर संसर्ग आहे असे धरायचे. आधी आईवडिलांना बाळ रुग्णालयात नेण्याचा सल्ला द्यायचा. ते नाही म्हणाले तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल हे दुसरे प्रतिजैविक. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला गुंडाळून उबेत ठेवणे, अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी सोडवणे, ही कामेही तिचीच. बातम्यांमध्ये मात्र ती मागेच राहिली.

तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत ही सेवा पोचली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. संसर्ग झालेल्या बाळांमधले मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. एका बाळामागे खर्च सुमारे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा आक्षेप संशोधनाच्या दृष्टीने रास्त आहे आणि तो घेतलाही गेला.

वर्षाला तीन आजारी बाळे

आता थोडे गणित करू, कारण या प्रकरणाचा जीव मला या गणितात दिसतो.

७६३ बाळे आणि ३९ गावे, म्हणजे एका आरोग्यदूताच्या वाट्याला वर्षाला साधारण वीस बाळे. संसर्ग झालेल्यांचे प्रमाण शंभरात सुमारे सतरा. म्हणजे एका बाईला वर्षभरात संसर्गाची तीनेक बाळे दिसणार. मधे कधी चार महिने कोरडे जातील. जी गोष्ट वर्षातून तीनदाच करायची, तीही चूक झाली तर जीव जाईल अशी, ती हातात टिकणार कशी? पुण्या-मुंबईच्या नवजात अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला हे कौशल्य रोजच्या रोज घासून मिळते. गडचिरोलीत कोरचीकडच्या एखाद्या गावातल्या बाईला ते मिळत नाही.

उत्तर होते दर पंधरा दिवसांनी होणारी पर्यवेक्षकाची भेट. ही भेट हजेरी घेण्यासाठी नव्हती. नोंदवहीतले वजन पुन्हा करून पाहायचे, घरी जाऊन बाळ पाहायचे, बाळाच्या आईशी बोलायचे, चुकले असेल तिथे करून दाखवायचे. पंधरा दिवसांत एकही जन्म झाला नसला तरी माणूस यायचेच. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. हिशेबनीस याच ओळीवर लाल पेन चालवील. पण कौशल्य टिकत होते ते या फेऱ्यांमुळे. वर्षाला वीस बाळे एवढ्या कमी कामावर कुणाला पूर्णवेळ पगारावर ठेवता येत नाही, म्हणून मानधन कामाप्रमाणे; आणि कमी कामात हात बोथट होतो, म्हणून तपासणी दाट. या दोन गोष्टी जोडीने बेतल्या होत्या. एक घेऊन दुसरी सोडली तर मांडणी कोसळते.

याच्या जोडीला आणखी एक नेमणूक होती, जिच्याकडे फार कुणाचे लक्ष जात नाही. जन्म आणि मृत्यूंची नोंद आरोग्यदूत ठेवत नव्हती. त्यासाठी दोन्ही भागांत, म्हणजे प्रयोगाच्या आणि तुलनेच्या गावांत, वेगळे कार्यकर्ते होते. सेवा देणाऱ्याने स्वतःच स्वतःचा निकाल लिहायचा नाही, ही साधी गोष्ट. सामाजिक संस्थांमध्ये ती किती वेळा पाळली जाते, हे प्रत्येकाने आपापल्या वार्षिक अहवालाकडे पाहून ठरवावे.

कार्यक्रम मोठा होताना

२००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागांत हीच पद्धत करून पाहिली. शेजारी बांगलादेशात, सिलहटमध्ये, एक वेगळा प्रयोग झाला. तिथे गावे चिठ्ठ्या टाकून वाटली होती आणि एका कार्यकर्तीकडे साधारण चार हजार लोकसंख्या होती, म्हणजे गडचिरोलीच्या चौपट. घरभेटी आणि इंजेक्शनने उपचार तिथेही होते. नवजात मृत्युदर ३४ टक्क्यांनी घटला. दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण भाग वेगळे, सुरुवातीचे दर वेगळे, पद्धत वेगळी. तरीही एका बाईमागे किती माणसे ठेवायची, हा प्रश्न वैद्यकीय प्रश्नाइतकाच वजनदार असावा, असा संशय हे आकडे मनात पेरतात. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात सेवा सुरू केली.

नियम असे: प्रसूती संस्थेत, म्हणजे रुग्णालयात किंवा आरोग्यकेंद्रात, झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये. इंजेक्शन आशाच्या हातात दिले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळाला पुढे पाठवणे शक्यच नसेल तर एएनएमला जेंटामायसिन देता येते.

इंजेक्शन काढून घेतल्याबद्दल सरकारवर टीका होते. मला ती अर्धीच पटते. देशात आशांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. ३९ बायकांना दर पंधरा दिवसांनी तपासता येते. दहा लाखांना तेवढ्या दाटपणे तपासण्याची यंत्रणा उभी न करता सुई हातात देणे हा जुगार झाला असता. शिवाय काळ बदलला होता. २००५ पासून दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, रस्ते झाले, १०८ ची रुग्णवाहिका आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ९४.७ टक्के प्रसूती संस्थेत झाल्याचे दिसते. १९९५ ची गडचिरोली आणि आजचा महाराष्ट्र एक नाहीत.

टीका करायची तर ती दुसऱ्या ठिकाणी करावी. कार्यक्रमाचे वेळापत्रक उचलले गेले, तपासणीची वीण उचलली गेली नाही. आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक वीसेक आशा सांभाळते. तिच्याकडे नवजात बाळांखेरीज क्षयरोग, कुष्ठरोग, लसीकरण, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे असे सगळेच असते, आणि ती स्वतःही मानधनावर. फेरीला गेली तरी आशाबरोबर एका बाळाच्या घरी बसून वजन पुन्हा करून पाहायला तिला वेळ कुठून मिळणार? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक एकत्र संपावर गेल्या. त्याची चर्चा मानधनाच्या रकमेवर झाली, आणि ते योग्यच होते. पण कामाच्या रचनेबद्दल कुणी फारसे विचारले नाही.

रकमेचेही गणित मांडून पाहू. हजार लोकवस्तीत आज वर्षाला पंधरा-सोळा जन्म धरले तर या कार्यक्रमातून एका आशाला वर्षाला चार हजारांच्या आसपास मिळतात. एका भेटीला एक्केचाळीस-बेचाळीस रुपये. कामाप्रमाणे मोबदला हे तत्त्व गडचिरोलीतही होते, त्यामुळे तत्त्वाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फरक असा की तिथे आरोग्यदूताचे ते मुख्य काम होते. आशासाठी ते अनेक बाबींच्या यादीतली एक बाब आहे, आणि यादी वाढतच आहे. २०१८ पासून तीन ते पंधरा महिन्यांच्या बालकांच्या पाच भेटी त्यात जोडल्या गेल्या; त्यालाही मोबदला २५० रुपयेच.

आणखी एक बाब बारीक अक्षरात आहे. २५० रुपये मिळण्यासाठी ज्या अटी आहेत, त्यांत बाळाचे वजन कार्डावर नोंदलेले असणे, बीसीजी आणि पुढच्या लसी दिलेल्या असणे, जन्माची नोंद झालेली असणे यांबरोबर आई आणि बाळ बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप असणे ही एक अट आहे. भेटींचा तक्ता आशा स्वतः भरते. गावातला बालमृत्यू वर कळवण्याची पहिली जबाबदारीही तिचीच. म्हणजे बाळ दगावले तर सहा भेटींचे पैसे अडकण्याची शक्यता आणि वरून चौकशी, दोन्ही तिच्याच डोक्यावर, आणि नोंद करणारा हातही तोच. सर्चने ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांना दिली होती, आणि त्यासाठी दोन पगार मोजले होते.